न झालेल्या साथीचा डॉक्टर

लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचा ग्रंथ निघणार होता. घरी आलेल्या फॉर्मात 'विशेष कामगिरी'साठी चार ओळी सोडल्या होत्या. निवृत्त डॉक्टरांनी तीन दिवस विचार करून एकच भरली: 'माझ्या छावणीत तीन वर्षांत काविळीचा एकही रुग्ण नाही.'

आठवड्यानं संपादकाचा फोन आला. संपादक म्हणजे त्यांचाच वर्गमित्र; जनरल होऊन निवृत्त झालेला, पदकवाला.

"अरे क्लोरीन, हे काय लिहिलंयस?" डॉक्टरांची सारी नोकरी पाणी तपासण्यात गेली, म्हणून अख्खी बॅच त्यांना क्लोरीन म्हणे.

"खरं तेच लिहिलंय."

"असेल रे! पण न झालेल्या साथीसाठी कोण हार घालतं? बाकीच्यांनी तुटलेले हातपाय जोडलेत. तू काय जोडलंस, नळ?"

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी नळ बंद केला होता. नदीवरच्या पंपाचं पाणी दूषित निघालं, तेव्हा त्यांनी छावणीची टाकीच सील केली. नेमकी त्याच आठवड्यात वरिष्ठांची पाहणी, आणि साहेबांच्या न्हाणीघरात थेंब नाही! कमांडरनं त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि वार्षिक अहवालात शेरा मारला: 'हेकट'. त्या एका शब्दानं बढती अडली ती कायमची. दीड हजार जवान दोन महिने उकळलेलं पाणी पीत डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत राहिले. आजारी मात्र कुणी पडलं नाही.

वर्गमित्राची छावणी त्याच नदीवर, थोडी खाली. डॉक्टरांनी त्याला लगोलग पत्र पाठवलं. 'तुझं आपलं नेहमीचंच,' एवढंच उत्तर आलं. महिन्याभरानं तिथले दोनशे जवान पिवळे पडले. चार गेले. वर्गमित्र वॉर्डात ठाण मांडून बसला, त्यानं जिवाचं रान केलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याला पदक मिळालं ते याच कामगिरीबद्दल.

ग्रंथ छापून घरी आला तेव्हा पत्नीनं चष्मा लावून डॉक्टरांचं पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं: 'शेजारच्या छावणीतील काविळीच्या साथीत जनरलसाहेबांना मोलाचे साहाय्य केले.'

डॉक्टरांनी पुस्तकासाठी हात पुढे केला, पण तिनं ते छातीशी धरलं होतं.

"अहो, एवढं केलंत आणि मला पत्ता नाही? आमचा दादा जन्मभर म्हणत आला, तुझ्या नवऱ्यानं लष्करात नुसत्या टाक्या हुंगल्या!"

त्यांनी पाठवलेल्या पत्राची प्रत कपाटात होती. ती काढून दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. पण भावाला फोन लावताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, की ते खुर्चीतून उठलेच नाहीत. तीस वर्षं माहेरचे टोमणे तिनं एकटीनं गिळले होते.

"दादा, पान एकशे बारा! हो, ह्यांचंच नाव. दोनशे माणसं होती रे, दोनशे!" मग फोनवर हात ठेवून तिनं विचारलं, "अहो, दादा विचारतोय, त्यातले दगावले किती?"

"चार."

"फक्त चार!" ती अभिमानानं फोनवर म्हणाली.