यमुनेच्या तसबिरीचं वॉर्निश

"तसबिरीले आंघोळ घालता आली पाहिजे, असं काही लावून द्या," पाटील म्हणाले. मी ब्रश खाली ठेवला. थट्टा करणारा माणूस नव्हता तो.

मेहकरला माझं पेंटिंगचं दुकान होतं. नागपूरहून साहेब दौऱ्यावर येणार असले की तहसिलीचे बोर्ड, एरवी दुकानांच्या पाट्या. तसबिरीची ऑर्डर क्वचित. सुलतानपूरच्या या पाटलांच्या यमुनेची तसबीर मीच सागवानी फळीवर ऑइलपेंटने काढली होती. सहा वर्षांची पोर, एका जागी बसेना, मला अगदी जेरीस आणलं होतं तिने. पावसाळ्यात पटकीने गेली. फोटो कधी काढलेला नव्हता. तेव्हापासून पाटलीणबाई रोज सकाळी तसबिरीला कोमट पाण्याने न्हाऊ घालायच्या. चोळून चोळून चेहऱ्याचा रंग विरला होता, खालचं लाकूड दिसत होतं.

पाटलांना काम दुसऱ्याच दिवशी हवं होतं. मी समजावलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावली तर ती लवकर वाळते, पण पाणी लागलं की पांढरी पडते. पाण्याला टिकतं ते राळ आणि जवसाचं तेल कढवून केलेलं वॉर्निश. त्याआधी चेहरा पुन्हा रंगवावा लागणार, आणि तो रंग आतपर्यंत वाळल्याशिवाय वर वॉर्निश चढवायचं नसतं. महिना तरी लागेल म्हटलं. पाटील नाइलाजाने हो म्हणाले.

मी चेहरा रंगवला. पहिल्यापेक्षा चांगला उतरला होता. आठवडाही झाला नसेल, पाटलांची बैलांची दमणी दुकानापुढे उभी राहिली.

"तसबीर द्या."

"पाटील, रंग ओला आहे. वॉर्निश तर लावलंच नाही अजून."

"ती जेवून नाही राह्यली, पेंटर. रिकाम्या कोनाड्यापुढे बसून राह्यते."

मला राग आला. पाणी लावायचं नाही, बोट लावायचं नाही, असं पुन्हा पुन्हा बजावून फळी दिली. पाटील म्हणाले, लक्ष ठेवतो. ते शेतावर गेल्यावर कोण लक्ष ठेवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला दोघं आले. पाटलीणबाईंनी पदराखालून फळी काढून टेबलावर ठेवली. परकर, बांगड्या, वेणी शाबूत. तो रंग जुना, पक्का. चेहऱ्याच्या जागी नुसते बोटांचे फराटे.

पाटील म्हणाले, पुन्हा काढा. काढता आला असता; चेहरा अजून हातात होता. मी टर्पेंटाइनचा बोळा उचलला. बाईंनी फळीवर हात ठेवला.

"पुसू नका. तुम्ही नवी कोणाची पोर काढसान, अन् मी तिले यमुना म्हणू काय?"

"मग काय करू, बाई?"

"हाय तसंच पक्कं करून द्या."

पाटलांनी फळी माझ्याकडे सरकवली.

या वेळी फळी दुकानात निवांत वाळली. न्यायची घाई कोणी केली नाही. मग मी वॉर्निशचे दोन कोट दिले. फराट्यांवरून ब्रश फिरवताना रडू आलं. काम मात्र फर्स्टक्लास झालं.

पुढे पाटील भेटले तेव्हा विचारलं, पाण्याने खराब नाही ना झालं?

"नाही. आता आंघोळ घालतच नाही. त्या फराट्यांत आपली बोटं ठेवून बसते."

वॉर्निशचं काम एवढंच, खाली असेल ते टिकवायचं. खाली काय उरेल, ते ना पेंटरच्या हातात, ना गिऱ्हाइकाच्या.