खोडलेला काना

टपाल कार्यालयात पत्रं लावणाऱ्या ताईंचं नाव होतं वीण. वीणा नव्हे, वीण. पण हे सांगता सांगता ताईंच्या नाकी नऊ यायचे. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी चूक समजून हजेरीपटात काना लावून टाकला, आणि तो काना नोकरीच्या ओळखपत्रापर्यंत त्यांच्या पाठीमागे आला. जन्मदाखल्यावर तेवढं 'वीण' होतं. लिहिणाऱ्याच्या हातून काना सुटला असणार, असं हळूहळू ताईंनाही वाटायला लागलं. विचारणार तरी कुणाला? आई त्यांच्या पाचव्या वर्षीच गेली होती. वडील सुतार, आधीच अबोल. आईचा विषय निघाला की रंधा उचलायचे आणि ठीकठाक फळीसुद्धा परत तासत बसायचे. पुढे तेही गेले. आत्या होती, पण तिला यातलं काही ठाऊक असेल असं ताईंच्या कधी मनातही आलं नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मुख्य कारकुनांनी बजावलं की सगळ्या कागदांवर एकच नाव हवं. ताईंनी ठरवलं, दाखल्यावर काना लावून घ्यायचा आणि कायमची कटकट मिटवायची.

नोंदणी कचेरीतल्या कारकूनबाईंनी जुनी वही काढली, पान शोधलं, आणि वाचता वाचता वही ताईंकडे फिरवली. ओळीत 'वीणा' लिहिलेलं होतं. त्यातला काना आडवी रेघ मारून खोडला होता, शेजारी वडिलांची थोराड अक्षरांतली सही होती आणि खाली शेरा: वडिलांच्या आग्रहावरून दुरुस्त.

"ताई, चूक तेव्हाच निस्तरलीय," कारकूनबाई म्हणाल्या. "मी काना लावला तर ती परत होईल."

ताईंनी अर्ज पिशवीत घातला आणि तडक आत्याचं घर गाठलं. आत्याला ऐकू कमी यायचं, पण आठवण लख्ख होती. तिने सगळं सांगितलं. वडील एका कारखान्यात खुर्च्यांचे सांगाडे बनवायचे आणि आई त्याच कारखान्यात वेताच्या बैठका विणायची. गिऱ्हाइकं येऊन वडिलांचं कौतुक करायची, आईकडे कुणी वळूनही बघत नसे. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव काय ठेवायचं हे वडिलांनी कुणालाच विचारलं नाही.

"कचेरीतल्या माणसाने वीणा लिहिलं," आत्या म्हणाली. "तुझा बाप दोनदा हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा गेला तो बाकावर ठाण मांडून बसला. एरवी घरात मीठ कमी पडलं तरी बोलायचा नाही तो."

"पण वीणच का?"

"मीही विचारलं. तर म्हणाला, खुर्ची माझी म्हणतात सगळे, पण माणूस बसतो तो तिच्या विणीवर."

ताई उठल्या. मग आत्याला म्हणाल्या, चहा मी करते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उलटी गंगा सुरू केली. दाखला तसाच ठेवून बाकीचे सगळे कागद बदलायला घेतले. एका कान्यापायी शाळा, बँक, टपाल खातं असे अकरा हेलपाटे झाले. शाळेच्या मुख्याध्यापिका कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, एवढ्याशा अक्षरासाठी जुनी कपाटं उघडायची का? ताईंनी खुर्ची ओढून वडिलांची गोष्ट सांगितली, थोडीही घाई न करता. मुख्याध्यापिकांनी स्वतः किल्ली आणली.

नवं ओळखपत्र आलं तेव्हा ताईंनी ते नवऱ्यापुढे धरलं. नवरा शिंपी, चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ते कापडाचा पोत बघावा तसं उजेडात धरून वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. "मला मात्र काही बदलायला नको. मी तीस वर्षं 'अगं' म्हणतोय."

ताई हसल्या. "आता म्हणा की नावाने."

त्यांनी घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि लग्नातल्यासारखं लाजत हाक मारली.

"ओ," ताई म्हणाल्या.