बत्तीस अक्षरांची जागा

मिल बंद पडल्यावर काका पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले. आधी मिलमध्ये टाइमकीपर होते. पुढे इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. तिथल्या कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता. कुठलं मशीन चालू आहे, कुणाची डिस्क भरत आली, हे तो नेटवर्कवरून विचारून पडद्यावर दाखवायचा. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

एकदा दुपारी त्यांचा फोन आला.

"भिया, मशीनचं नाव लांब दिलं की तुमचा प्रोग्राम बंद पडतो. तीनदा करून पाहिलं."

"मग छोटं नाव द्या ना, काका."

"देतो. पण का बंद पडतो, ते एकदा बघून घ्या."

बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. मिलमधून आलेल्या माणसाने माझ्या कामात खोट काढावी, हेच मला रुचलं नव्हतं.

काही महिन्यांनी कारखान्यात इंटरनेट आलं. माझा प्रोग्राम आता बाहेरून आलेली माहितीही घेऊ लागला. मग एका सकाळी सर्व्हरवरची सगळी ड्रॉइंग गायब झालेली दिसली. बाहेरून कुणीतरी शिरलं होतं. पासवर्ड ऑपरेटरकडूनच फुटला, असं मालकांनी ठरवलं आणि काकांना त्याच आठवड्यात काढून टाकलं.

मी प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग पाहिला. शेवटची नोंद बाहेरून आलेल्या एका अवाढव्य नावाची होती. नावासाठी मी मेमरीत बत्तीस अक्षरांची जागा ठेवली होती, पण आलेलं नाव त्यात मावतं की नाही हे कुठेच तपासलं नव्हतं. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडत होती, आणि प्रोग्रामने पुढे कुठे जायचं हे नेमकं तिथेच लिहिलेलं असतं. जाणकाराने तिथे आपला पत्ता लिहिला की कॉम्प्युटर त्याचा झाला.

मी लांबी तपासणारी एक ओळ घातली, नवा प्रोग्राम पाठवला आणि गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती होती. त्याहून जास्त, माझं चुकलं हे म्हणायची लाज होती.

दोन वर्षांनी जुनी इंदूर भागात काकांच्या घरी गेलो. ते टायपिंगचा क्लास चालवत होते. मी सगळं सांगितलं.

"तेव्हाच सांगितलं असतं, तर मी मालकांसमोर उभा राहिलो असतो," ते शेवटी म्हणाले. "आता तो कारखाना पण विकला गेला."

"मी काय करू, काका?"

"लिहून द्या. मराठीत, सोपं करून."

मी तिथेच बसून पानभर लिहिलं, खाली सही केली. त्यांनी दोनदा वाचलं.

"कुणाला दाखवणार?" मी विचारलं.

"मुलीला. तिला अजून वाटतं, बाबांच्या हातून काहीतरी झालं."