हिसाए-सानचा पांढरा ठिपका

ओनोमिचीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापाशी कोबीची जाड धिरडी विकणाऱ्या हिसाए कामिओकाच्या कॅमेऱ्याला सॉसचा वास येतो, याबद्दल छायाचित्र मंडळात दुमत नव्हतं. वाद होता तो ठिपक्याचा.

मंडळ महिन्यातल्या एका रविवारी न्हावी तानिकादोच्या दुकानावरच्या खोलीत भरायचं. टेबलावर काळी मखमल अंथरून जुने कॅमेरे रुखवतासारखे मांडले जायचे. सगळे एकाच जातीचे. भिंगाशेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं, एका माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात, भिंगाचं कडं फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या आणि मग बटण दाबायचं. पण या खोलीत फोटो क्वचितच निघत. इथे तुलना चाले. शेजाऱ्याचा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलायचा, कानाशी नेऊन शटर टिचकवायचं, डोळे मिटायचे.

"लोणी," न्हावी म्हणायचा.

"तुमचं लोणी. माझं साजूक तूप," असं अध्यक्ष मुरोझुमी म्हणायचे. कवळ्या बनवणं हा त्यांचा व्यवसाय आणि जर्मन कॅमेरा हा त्यांचा धर्म. त्या कॅमेऱ्याकडे ते ज्या मायेने बघत, तशा मायेने त्यांनी आयुष्यात एकाही दाताकडे पाहिलं नसेल.

हिसाएचा कॅमेरा जपानी, निक्का. जहाजकारखान्याच्या खानावळीत राबून तिने तो लग्नाआधी घेतला होता आणि शिवणयंत्राची आस लावून बसलेल्या आईने तिच्याशी अबोला धरला होता. आता त्याच्या कोपऱ्यांतून पितळ डोकावत होतं. "किसणी," त्याला कान लावून न्हावी अगदी प्रेमाने सांगायचा.

या कॅमेऱ्यांच्या शटरचा पडदा कापडी. भिंगाला झाकण न लावता उन्हात ठेवलं की भिंग पडदा जाळतं. एका दुपारी गिऱ्हाइकांच्या गडबडीत हिसाएने कॅमेरा दुकानाच्या खिडकीत उघडाच ठेवला. पडद्याला बारीकसं भोक पडलं आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात मसुरीएवढा पांढरा ठिपका येऊ लागला. एवढं होऊनही बाई झाकण लावायला तयार नव्हत्या.

"हिसाए-सान," नगरसभागृहातलं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा मुरोझुमी म्हणाले, "ठिपक्यावर शाईचा एक हात फिरवा. कुंचला माझा, शाई माझी."

"माझ्या तोंडात तुम्ही आधीच दोन कवळ्या मोजून ठेवल्यात. फोटोला तरी खोटे दात बसवू नका."

"मग पडदा बदला. हिरोशिमात कारागीर आहे."

"आणि तोवर काय वापरू? तुमचा?"

मुरोझुमींनी नकळत कॅमेरा छातीशी धरला. "प्रदर्शनात डाग असलेला फोटो लागणार नाही. अध्यक्ष म्हणून सांगतो."

"मग होऊन जाऊ द्या तुलना! मखमलीवर नाही, धक्क्यावर. एकच सकाळ, सगळ्यांना एकाच जातीचा रोल. माझा फोटो फिका पडला तर मी मंडळ सोडते. नाही पडला तर ठिपक्यासकट लावायचा."

बोलून गेली खरी. रविवारी तवा बंद ठेवून ती हे जिने चढायची. तिच्या किसणीला लावायला हेच कान होते, दुसरे नव्हते. पण शब्द मागे घेणारी असती, तर तेव्हाच आईला शिवणयंत्र आणून देऊन मोकळी झाली असती.

ठरल्या सकाळी मंडळ धक्क्यावर उतरलं. मुरोझुमी एखाद्या शस्त्रक्रियेला आल्यासारखे उभे. फेरीबोट जवळ आली, मागे गेली. ते कडं फिरवत होते, श्वास रोखत होते, टिचकवत होते. हिसाए मात्र सायकलींच्या गर्दीत कोपर मारत घुसली.

"काकू, पाय!" कुणीतरी ओरडलं.

"पाय तुझा, चूक तुझी!" म्हणत तिने बटण दाबलं.

पुढच्या बैठकीत फिल्मा उजेडाला धरल्या गेल्या. मुरोझुमींची फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यासारखी पारदर्शक होती. तिच्यावर काहीच उमटलेलं नव्हतं. काय झालं ते सगळ्यांनाच कळलं. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं; भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं. मुरोझुमींनी सबंध सकाळ झाकणाच्या आतल्या अंधाराचे फोटो काढले होते.

"एक मात्र आहे," न्हावी म्हणाला, "ठिपका कुठेच नाही."

खोली हसून हसून आडवी झाली. मुरोझुमी लाल झाले, ताठ बसले आणि म्हणाले, "नियमाने निर्दोषच आहे."

मग हिसाएचा फोटो हातोहात फिरला. फेरीबोटीचा तिकीटवाला सायकलींमध्ये चेपून उभ्याउभ्या झोपला होता, पैसे घ्यायला पुढे केलेला हात मात्र तसाच जागा. वर कोपऱ्यात ठिपका. या खेपेला कुणी लोणी म्हटलं नाही, तूपही नाही. जो तो फोटो पुढे द्यायला वेळ लावत होता.

"लावूया," मुरोझुमी हळूच म्हणाले. "खाली बारीक अक्षरांत लिहू, शटर सदोष, क्षमस्व."

"क्षमा कुणाची मागायची? सूर्याची?" हिसाएने पुठ्ठा ओढला, त्यांचाच कुंचला उचलला आणि ठसठशीत लिहिलं: 'झाकण लावलं नव्हतं. पुढेही लावणार नाही. हिसाए कामिओका.'

मुरोझुमींनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "निदान 'पुढेही' तरी खोडा."

"खोडलं तर डाग दिसेल, अध्यक्ष-सान."

न्हाव्याने खिळा पुढे केला. हातोडी तिने स्वतःच मागून घेतली.