आधी हात, मग तोंड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा एक जुना दंडक आहे. लिफ्टच्या पोकळीत उतरणाऱ्याने "बंद?" अशी हाक द्यायची. वर मशीनच्या खोलीतल्या जोडीदाराने आधी विजेचा मुख्य खटका खाली ओढायचा आणि मगच "बंद!" म्हणायचं.

आपल्या गोष्टीतल्या लिफ्ट-मिस्त्रीच्या जिवलग दोस्ताला सगळे हजरजबाबी म्हणत. प्रश्न पुरा व्हायच्या आत गड्याचं उत्तर तयार. त्याच्या नादाने मिस्त्रीचं रविवारचं चर्च सुटलं, जेवणाआधीची प्रार्थनाही हसण्यावारी गेली. "देव कुठे पळून चाललाय?" दोस्त म्हणायचा आणि मिस्त्री खिदळायचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. धाकट्या बहिणीने बजावलं होतं, "दादा, हा तोंडाचा गोड आहे रे, पण याच्या शब्दावर विसंबू नकोस." तरी मिस्त्रीने त्याला कामावर चिकटवलाच, तोही तिच्याच नवऱ्याचा जोडीदार म्हणून.

एक दिवस मेहुण्याने पोकळीतून हाक दिली. हजरजबाबी जिन्यात गप्पा छाटत उभा होता. तिथूनच ओरडला, "बंद रे बंद!" खटका चालूच होता. लिफ्ट खाली आली आणि बहीण विधवा झाली.

दोस्ताने तोंड काळं केलं. आवाज मात्र मागे राहिला. बहिणीच्या दाराची बेल वाजवून मिस्त्री उभा राही, तेव्हा दार उघडेपर्यंत कानात तोच घुमे. तो पुन्हा चर्चला जाऊ लागला, तर सगळ्यांचं "आमेन"ही त्याला त्याच आवाजात ऐकू येई. त्याच्या स्वतःच्या घशातून ते उमटेना. आपल्याला आता देवाशी कधी बोलताच येणार नाही, ही भीती त्याला पोखरू लागली. "माझ्यासाठी प्रार्थना करा," त्याने दोघातिघांना सांगून पाहिलं. "करतो की!" ते झटकन म्हणाले आणि त्याच्या अंगावर काटा आला.

नवा जोडीदार निवडायची वेळ आली तेव्हा त्याने चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कामावरच्याच घुम्याला मागून घेतलं. बाकीच्यांनी कपाळावर हात मारला. "घुम्याला हाक मारा आणि जेवून या," अशी त्याची ख्याती.

परवा एका कचेरीत मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभा राहिला. "बंद?"

"बंद रे बंद!" लगेच आलं. ते घुम्याचं नव्हतं, जुन्या दोस्ताचं होतं. मिस्त्री हलला नाही. बऱ्याच वेळाने वर खटका पडल्याचा आवाज झाला, खटक्याला कुलूप लागलं, आणि मग घुम्या म्हणाला, "बंद."

मिस्त्रीला एकदम भरून आलं. "घुम्या, माझ्यासाठी प्रार्थना कर रे!"

वरून उत्तर नाही. झालं, म्हणजे हाही टाळतोय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घुम्या मजल्यावरच्या लिफ्टच्या उघड्या दारात येऊन उंबऱ्याशी बसला. कुलपाची किल्ली त्याच्या मुठीत होती.

"काय मागू?"

"त्याला मी आणला होता," मिस्त्री कसाबसा म्हणाला. "माझ्या बहिणीचं घर मी बुडवलं."

घुम्याने टोपी काढली. "प्रभू, याला क्षमा कर. याच्या बहिणीला सांभाळ. आमेन." आणि डोळे मिटूनच थांबला.

मिस्त्रीनेही डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "घाई नाही," घुम्या म्हणाला.

"आमेन रे आमेन!" वरच्या अंधारातून तो ओळखीचा आवाज आला. मिस्त्रीने तो पुरता विरू दिला. मग स्वतःचं म्हणाला.