गुडघा दाबायला कोणीतरी

रबराच्या पिशवीत गरम पाणी ओतलं की जो वास येतो, त्याने मला फोनवरची ती पहिली तपासणी आठवते. संधिवाताच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब येऊ नका, व्हिडिओवरच बघू." म्हणून मी बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये चांगली साडी नेसून, फोन चहाच्या डब्याला टेकवून, दहा मिनिटं आधीच टेबलाशी बसले होते. खालून भाजीवाल्याची हाळी येत होती. बोटं दाखवून झाली, मूठ वळून झाली, मग गुडघ्याची पाळी आली. "मला इथून हात लावता येत नाही हो. घरात कोणी असेल त्यांना दाबून बघायला सांगा," मॅडम म्हणाल्या. घरात कोणी नव्हतं. यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पण ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा जसा होतो, तसा मला त्या दिवशी बघायचा नव्हता. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, "अहो, जरा इकडे या बरं." आणि टेबलाखाली स्वतःच्याच सुजलेल्या अंगठ्याने गुडघा दाबला. "सूज आहे म्हणतात," मी सांगितलं. "त्यांना म्हणावं, रोज गरम पिशवीने शेकण्याआधी असंच बघत जा," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला. आजही पिशवी ठेवण्याआधी मी गुडघा दाबून बघते, आणि त्याच्याही आधी हाक मारते. हे होते तेव्हासुद्धा पहिल्या हाकेला कधी उठले नाहीत, म्हणून दोनदा मारते.