पन्नास अंशांचे दोन कोन

आठवीत असताना वडील आणि मी भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत दोघेच राहत होतो. आई नागपूरला शाळेत शिकवत असे. तिची बदली होण्यासारखी नव्हती आणि वडिलांची नोकरी सोडण्यासारखी नव्हती. शाळा सुरू होतानाच आईने अट घातली होती : सहामाहीला मला गणितात साठ टक्क्यांहून कमी मिळाले, तर पुढच्या वर्षी मी तिच्याकडे जायचे. मला जायचे नव्हते. मी गेले तर त्या क्वार्टरमध्ये वडील एकटे उरणार होते. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते, पण त्यावर कधी बोलणे झाले नाही.

वडिलांचे काम आखणीचे. जाड लोखंडी पत्र्यावर मापाने रेषा मारायच्या, मग दुसरे कोणी त्या रेषांवरून पत्रा कापणार. संध्याकाळी ते घरी आले की चहा होई आणि मग गणित. पुढच्या खोलीत सामान जवळजवळ नव्हते, त्यामुळे भूमितीच्या आकृत्या फरशीवर खडूने मोठ्या काढता येत. तीन, चार आणि पाच फुटांच्या सुतळ्या ताणून ते काटकोन करून दाखवत. गुणोत्तर त्यांनी स्वयंपाकघरात शिकवले. तिघांना दीड वाटी तांदूळ लागतो, तर एकाला अर्धी. एकाला अर्धी, तर दोघांना एक. मधली पायरी गाळलेली त्यांना चालत नसे. त्या तासाभराखेरीज घरात फारसा आवाज नसे. जेवताना गोविंदपुऱ्याकडून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत.

सहामाहीत भूमितीचा प्रश्न होता : समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे सिद्ध करा. मी त्रिकोण काळजीपूर्वक काढला, दोन्ही कोन कोनमापकाने मोजले आणि लिहिले, दोन्ही पन्नास अंश, म्हणून समान. या उत्तराला शून्य मिळाले. खाली गणिताच्या बाईंनी हिंदीत लिहिले होते, ‘नापने से सिद्ध नहीं होता.’

वडिलांनी पेपर दिव्याखाली धरला. मग माझा कोनमापक घेऊन त्यांनी दोन्ही कोन पुन्हा मोजले.

“पन्नासच आहेत.”

“बाबा, मोजायचं नव्हतं.”

“मग कळणार कसं?”

मी सांगितले की शिरोबिंदूतून मधोमध रेषा काढायची, दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे, मग कोन आपोआप समान ठरतात. अशा सगळ्याच त्रिकोणांचे, न मोजता. ते ऐकत राहिले. न काढलेल्या त्रिकोणाबद्दल कोणी खात्री कशी देऊ शकेल, हे त्यांना पटत नव्हते. मलाही ते बाईंनी पेपर परत देताना वर्गात सांगितले तेव्हाच कळले होते.

पन्नासपैकी एकोणतीस मिळाले होते. वडिलांनी पेपरच्या मागच्या बाजूला सगळ्या पायऱ्या लिहून टक्के काढले. अठ्ठावन्न आले. शेजारच्या काकू नागपूरकडच्याच. आईची अट त्यांनाही ठाऊक होती. त्या वाटीभर भाजी द्यायला आल्या होत्या, त्यांनी आकडा पाहिला.

“साठ सांगून द्या ना जी, भाऊ. तिथून कोण पाहून राहिलं?”

वडील म्हणाले, “वहिनी, आमच्याकडे दोन टक्क्यांत अख्खा पत्रा भंगारात जातो.”

काकू हसल्या. वडील हसले नाहीत.

रविवारी बाजारातल्या एसटीडी बूथवरून आईला फोन करायचा असे. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते, दार नीट लागत नव्हते. वडिलांनी आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग म्हणाले, “अठ्ठावन्न.” बराच वेळ पलीकडून आई बोलत असावी. शेवटी ते म्हणाले, “नाही, पेपर अवघड नव्हता. मोजायची सवय मीच लावली.”

परत येताना त्यांनी सांगितले की वार्षिक परीक्षा संपली की मी जायचे. मी बरं म्हटले.

संध्याकाळचा तास त्यांनी बंद केला नाही. आता ते पुस्तकातल्या सिद्धता स्वतः वाचू लागले. एकेक ओळ वाचायची आणि ‘कारण’ या शब्दाशी थांबायचे. फेब्रुवारीच्या सुमारास त्यांनी तो त्रिकोण फरशीवर काढला, मुद्दाम वेडावाकडा, आणि सिद्धता पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत बोलून दाखवली. पट्टीला हात लावला नाही. मी चूक शोधत होते, सापडली नाही.

वार्षिक परीक्षेत मला गणितात शंभरपैकी शहात्तर मिळाले. टक्के काढण्याची गरजच नव्हती. मी निकाल त्यांच्या हातात दिला आणि उभी राहिले. त्यांनी आकडा वाचला. अट सहामाहीची होती, वार्षिकची नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. तरी ते काहीतरी म्हणतील, असे मला वाटत होते.

“चांगले आहेत,” ते म्हणाले. “आईला तूच सांग, तिकडे गेल्यावर.”